कोऱ्या दगडाची चिठ्ठी

ताई, चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या. तू नाही.

एवढंसं वाक्य. सोमवारी सकाळी शेडचं कुलूप काढता काढताच तुला सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. चहाच्या आधी. कारण चहा हातात आला की माझी हिंमत बिस्किटासारखी मऊ पडते, हे तुला माहीतच आहे. रविवारी सकाळी डोक्याला तेल लावून माणच्या माझ्या खोलीत आरशासमोर बसून मी ते घोकत होते. 'रागावू नकोस' हे आधी लावायचं की नंतर, एवढंच ठरायचं बाकी होतं. तेवढ्यात फोन वाजला. तुझं नाव बघून दचकले. उचलला तर आवाज सुहासदादांचा. "वैशाली, विद्या गेली."

मी विचारलं, "कुठे?"

खरंच विचारलं, ताई. तुझ्या नवऱ्याला. ते मलाच समजावल्यासारखं म्हणाले, "अगं, गेली."

सोसायटीच्या गेटवर भाजीवाला येतो, तिथे तू कोथिंबीर घ्यायला उतरलीस. जुडी हातात घेतलीस, कट्ट्यावर टेकलीस आणि उठलीच नाहीस. दवाखान्यात पोचेपर्यंतही थांबली नाहीस. एकावन्न वर्षांची बाई, दगडांची जड पेटी एका दमात उचलून मला 'बाजूला हो, नाजूक' म्हणणारी. त्या दिवशी तुमच्या घरी यायला रिक्षात बसले आणि हे काय ऐकलं मी, असं म्हणून सरळ तुलाच फोन लावला. पुन्हा सुहासदादांनी उचलला. मी फोन कानाला तसाच धरून बसले. रिक्षावाला मागे वळून बघायला लागला तेव्हा मी फोन ठेवला.

काल तुझं तेरावं झालं. मला अजून पटलेलं नाही. जेवायला बसले आणि पानात मीठ वाढणाऱ्या बाईला सांगणार होते, थांबा, ताई यायची आहे.

आपली ओळख झाली तो दिवस सारखा आठवतोय. वणीच्या कोळसा खाणीत तीन वर्षं काढून मी इथल्या ऑफिसात रुजू झाले होते. कंप्युटरवर खाणींचे नकाशे करायला मिळणार, एसीत बसायला मिळणार, म्हणून खूष होते. पहिल्याच दिवशी भागवत साहेबांनी मला नांदे गावातल्या शेडवर तुझ्याकडे पाठवलं. पूर्वी तिथे कोंबड्यांची शेड होती, आता दगडांच्या पेट्या. जमिनीत पोकळ ड्रिल घालून काढलेले दगडाचे लांब दांडके, म्हणजे कोअर, ओळीने मांडलेले. तू हातात झाडांवर पाणी मारायची फवारणीची बाटली घेऊन उभी होतीस.

"आधी काय केलंस?"

"कोळसा."

"म्हणजे लाडावलेली आहेस," म्हणालीस. "कोळशाचा थर म्हणजे अंथरलेली सतरंजी. कुठेही भोक पाड, सापडतोच. सोनं म्हणजे पोह्यातले शेंगदाणे. एका घासात तीन येतात, पुढच्या चार घासांत एक नाही. आणि आपल्याला दोन घास खाऊन सांगायचं असतं, की अख्ख्या कढईत शेंगदाणे किती."

मग तू कोअरवर पाणी फवारलंस आणि करड्या दगडातून पांढरी शीर वर आली. "कोरडा दगड काही सांगत नाही. ओला केला की बोलतो." त्या दिवसापासून मी तुझी 'कोळसेवाली' झाले. मला राग यायचा. मायनिंग इंजिनीअर आहे म्हटलं मी, डिग्री आहे माझ्याकडे. तू म्हणायचीस, डिग्री ठेव त्या पेटीवर, आणि ही पेटी उचलू लाग.

हौसाकाकूंना, माझ्या घरमालकिणीला, तू आपलं काम दोन वाक्यांत सांगितलं होतंस. काकू तुझ्यासमोर भाकरी ठेवून म्हणाल्या होत्या, "ही पोरगी रोज जाती, पर नक्की करता काय तुमी?" तू विचारलंस, "काकू, तांदळाचं पोतं न उसवता आतला दाणा कसा बघता?" काकू म्हणाल्या, "टोकदार नळी खुपसायची, मूठभर काढायचा." "आम्ही जमिनीत तेच करतो. मूठभर काढतो आणि सांगतो, आत किती माल आहे आणि कसा आहे." काकूंनी थोडा विचार केला. "आन् चुकलात तर?" तू म्हणालीस, "तर आमच्या शब्दावर ज्याने खाण काढली, तो बुडाला." दोन वर्षं मी कोर्स केले, साहेबांची पुस्तकं वाचली, पण इतकं सोपं मला कुणी सांगितलं नाही.

आणि तुझं ते 'इन्फर्ड'! जमिनीतल्या मालाची आपण किती खात्री देतो, त्याच्या तीन पायऱ्या. भोकं लांब लांब असली, नुसता तर्कच असला तर इन्फर्ड. बऱ्यापैकी जवळ असली, तर्काला आधार असला तर इंडिकेटेड. अगदी दाट असली, शंका उरली नाही तर मेजर्ड. ऑफिसात हे शब्द अहवालात असतात, तुझ्या तोंडात ते दिवसभर असायचे. पाऊस येईल का ताई? इन्फर्ड. सिमेंट मिक्सरच्या गाड्यांतून बस वेळेवर येईल का? इन्फर्डसुद्धा नाही. सुहासदादांनी डब्यात गवार दिली असेल का? मेजर्ड. एकदा मला स्थळ आलं होतं, मुलगा वाकडमध्ये नोकरीला. मी म्हटलं, बरा वाटतो. तू विचारलंस, किती भोकं पाडलीस? दोनदा भेटले. "इन्फर्ड," म्हणालीस, आणि डब्यातली गवार माझ्याकडे सरकवलीस. ते स्थळ पुढे गेलंच नाही.

फक्त एका बाबतीत तू थट्टा करायची नाहीस. नवं भोक पाडल्याशिवाय पायरी वाढवायची नाही. साहेबांना घाई असो, खाणवाल्याला घाई असो, नुसत्या इच्छेने इन्फर्डचं इंडिकेटेड होत नाही. काहीतरी नवीन दिसलं पाहिजे.

पहिल्या महिन्यात तू मला रडवलंस तेही लिहिते. एका भोकात मधला दोन मीटर कोअर तुटून वाहून गेला होता, तपासायला काही उरलंच नव्हतं. मी तक्त्यात तिथे शून्य भरलं. जागा मोकळी दिसू नये म्हणून. तू तक्ता बघितलास आणि तुझा आवाज चढला. "इथे सोनं नाही हे तुला कुणी सांगितलं? पाहिलंस तू?" मी म्हटलं, नाही. "मग शून्य कसं लिहिलंस? शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं. पाहिलंच नाही तिथे कोरं ठेवायचं. कोरं आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुझ्या या दोन शून्यांनी आजूबाजूच्या सगळ्या मालाचा अंदाज खाली ओढलास." मी बाहेर जाऊन रडले. परत आले तेव्हा तू मला शून्य खोडायला व्हाइटनर देशील म्हणून हात पुढे केला. तू माझ्या हातावर चापट मारलीस. खोडायचं नाही, पुसायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, तारीख आणि सही. "चूक दिसली पाहिजे. ज्या वहीत एकही चूक दिसत नाही, तिच्यावर मी विश्वास ठेवत नाही."

हे मला शिकवणाऱ्या बाईच्या नावावर मी माझी चूक चढू दिली.

तो कोरा दगडही तुझीच कल्पना. लॅबला नमुने पाठवताना मधेमधे एक असा नमुना घालायचा, ज्यात काहीच नाही हे आपल्याला माहीत आहे आणि लॅबला नाही. त्यांनी त्यात सोनं दाखवलं तर समजायचं, कुठेतरी गडबड आहे. याला सगळे ब्लँक म्हणतात, तू कोरा दगड म्हणायचीस. विहीर खोदताना निघालेला काळा दगड हौसाकाकूंच्या खोल्यांमागे ढिगाने पडला होता. तू एका रविवारी पोतं घेऊन आलीस. आधी त्यातले काही तुकडे दोन लॅबमधून तपासून घेतलेस आणि मगच काकूंना सांगितलंस की यात काही नाही, आम्हाला हाच हवा. काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"आमच्या धोंड्यात काय न्हाई, ह्याची खात्री कराय तुमी एवढ्या शिकल्याल्या बाया लागताय व्हय?"

"काकू, अजिबात काही नसलेला दगड मिळणं लई अवघड असतं."

"मग घेऊन जा. पर गावात सांगू नगा. आदीच माजे पावणे म्हणत्यात, हौसाच्या वावरात काय पिकत न्हाई म्हनून खोल्या बांदल्या."

पण आठ दिवसांत काकूच अख्ख्या आळीला सांगत सुटल्या, आमचा धोंडा तपासाय जातोय, परदेशी लोक बघत्यात.

आता तो दिवस. त्या खेपेच्या पिशव्या आपण दोघी मिळून भरत होतो. मी टेबलावर दोन पिशव्या उघडून ठेवल्या होत्या. एकीत पांढऱ्या शिरेचा कोअर, ज्यात तुला भिंगाखाली पिवळा कण दिसला होता आणि तू मला बोलावून दाखवला होतास. दुसरीत काकूंचा धोंडा. चिठ्ठीपुस्तकातल्या लागोपाठच्या नंबरांच्या दोन चिठ्ठ्या मी फाडल्या. चिठ्ठीचा अर्धा भाग पिशवीत जातो, अर्धा पुस्तकात राहतो, आणि पुस्तकातल्या भागावर आधीच लिहून ठेवलेलं असतं की हा नमुना कुठला. तेवढ्यात काकूंचा फोन आला. पाणी आलंय, तुजी बादली कुटं हाय. मी फोन खांद्यात धरला, बादली मोरीच्या मागे आहे म्हणून सांगितलं, आणि चिठ्ठ्या पिशव्यांत टाकल्या. उलट्या. मग पिशव्या शिवल्या. तुला न दाखवता शिवल्या, कारण टेम्पो येऊन उभा होता. चिठ्ठी टाकताना दुसऱ्या माणसाने बघितलं पाहिजे, हा तुझा नियम. तो नियम मी त्या एका दिवशी मोडला.

लॅबचा कागद आला आणि ऑफिस हादरलं. कोऱ्या दगडाच्या नंबरवर सोनं, तेही भरघोस. आणि तू कण पाहिला होतास त्या नंबरवर काहीच नाही. नुसता कागद बघून कुणीही सांगितलं असतं की दोन पिशव्यांची अदलाबदल झाली. पण खाणवाल्याचा माणूस म्हणाला, एक अदलाबदल सापडली, न सापडलेल्या किती असतील? सगळी खेप पुन्हा तपासा. त्याचं चुकलं नव्हतं. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हणाले असते.

हौसाकाकूंना मी नुसतं गमतीने सांगितलं की तुमच्या दगडात सोनं निघालं. त्या हातातलं पीठ तसंच ठेवून उठल्या. "आता उरल्याली जमिनीची पट्टी इकायची न्हाई!" त्यांना खरं समजावता समजावता नाकी नऊ आले. तुला हे सांगितलं तेव्हा तू हसलीस, पण लवकर थांबलीस.

मीटिंगमध्ये भागवत साहेबांनी विचारलं, "पॅकिंग कुणी केलं?" खोलीत आपण चौघं होतो. मी टेबलावरच्या माझ्या पेनकडे बघत होते. मला कळलं होतं. कागद बघितल्या क्षणीच कळलं होतं, खांद्यात धरलेल्या फोनसकट सगळं. तोंड उघडायला गेले आणि पेनचं टोपणच लावत बसले. नोकरीत कायम होऊन मला दोन महिने झाले होते. घरी सगळे म्हणत होते, तिकडे जमलं नाही तर परत ये, कोळसा कुठे जात नाही. तेवढ्यात तू म्हणालीस, "माझ्या टेबलावरून गेलंय. जबाबदारी माझी."

साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडून? इतक्या वर्षांत?"

"होतं कधीतरी. डोळ्यांचं वय झालं असेल."

नव्या बॅचला शिकवायचं काम तुझ्याकडून काढून घेतलं. थोडे दिवस फक्त, साहेब म्हणाले. भूगर्भशास्त्रज्ञ आणि मायनिंग इंजिनीअर असे मिळून पंधरा जण येणार होते, तू त्यांच्यासाठी पेट्या निवडून ठेवल्या होत्यास, प्रत्येक पेटीवर खडूने नंबर घातले होतेस. त्या दिवशी तू शेडवर येऊन ओल्या फडक्याने ते नंबर पुसलेस. कधी काही न पुसणारी तू. मी बघत होते.

आणि दुसऱ्या दिवशी मी काय बोलले, तेही लिहायलाच हवं. तू एक चिठ्ठी लांब धरून वाचत होतीस. मी म्हटलं, "ताई, चष्मा बदल ना आता." हलकंफुलकं म्हणून बोलले. खरं सांगू? माझ्या मनात तेव्हा असं होतं की तुझा चष्मा बदलला, तर चूक तुझीच होती हे पक्कं होईल. इतकी नीच होते मी. तू म्हणालीस, "हो, बघते."

शनिवारी निघताना तू कोअर कापायच्या करवतीचं पाणी बंद केलंस, हात पुसलेस आणि विचारलंस, "काही राहिलं का गं सांगायचं?"

मी म्हटलं, "नाही ताई."

नाही म्हटलं आणि दारातच उभी राहिले. पाय उचलेना. तू माझ्याकडे बघितलंस, नेहमीसारखं वरून खाली नाही, नीट बघितलंस. मग म्हणालीस, "बरं. सोमवारी बोलू." मी निघाले, तू आत वळलीस. तुझं शेवटचं वाक्य हेच. कितीतरी वेळा मी ते उलटून पालटून बघितलं, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, सोमवार होता की गं.

दहाव्या दिवशी सुहासदादांना भेटायला गेले. तुझा चष्मा टेबलावर होता, तोच जुना, दांडीला निळा दोरा बांधलेला. मी त्याच्याकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं. म्हणाले, "गुरुवारी डोळे तपासून आली. मला म्हणाली, नंबर काही बदललेला नाही. तोच आहे. मग म्हणे विचार करायला हवा. जेवताना गप्पच होती." मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि तुमच्या स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले. तू स्वतःवर संशय घेतला होतास. माझ्या एका वाक्यावरून तू जाऊन डोळे तपासून घेतलेस.

भागवत साहेब वाईट माणूस नाही, तुला ठाऊक आहे. काल तेराव्याचं जेवण झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तो अदलाबदलीचा रिपोर्ट उद्या पाठवतोय. सुपरवायझरची चूक, एवढंच लिहिलंय. आता मॅडम नाहीत, कुणालाच त्रास नाही. फाइल क्लोज होईल. आणि नवी बॅच तू घे. त्यांचं सगळं तुलाच येतं." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तुझ्या फोटोला हार होता, आणि त्याच्यासमोर उभं राहून मला बढती मिळत होती.

घरी आल्यावर हौसाकाकूंपुढे सगळं ओकले. त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. पहिल्यांदा त्यांना खरंच वाटेना. "म्या फोन केला तवा?"

"हो काकू. पण चूक माझी."

"तुजीच हाय. फोन तर समद्यांनाच येत्यात." थोडा वेळ खडे वेचत राहिल्या. "धडधाकट बाय. हितंच बसून माजी भाकर खाल्ली तिनं. लई गोड बोलायची न्हाई, पर खरं बोलायची. आन् तू तिच्या अंगावर तुजा चिखल ठिवतीया? जित्या माणसाला धुता तरी येतंय. ती कुटनं येनार धुवाय?"

"नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली. खोली काय मी काढून घेत न्हाई. जा, सांग जा."

आज सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच साहेबांच्या दाराशी उभी होते. चहाच्या आधी, ठरल्याप्रमाणे. वाक्य तेच होतं, फक्त एक शब्द बदलावा लागला. "साहेब, चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या. ताईंनी नाही." साहेबांनी आधी दार उघडून मला आत बसवलं. मग म्हणाले, "आणि इतके दिवस?"

"घाबरले होते."

"त्यांना माहीत होतं?"

"नाही. सोमवारी सांगणार होते."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, मी त्यांच्याकडून बॅच काढून घेतली, हे तू बघत होतीस. मी म्हटलं, हो. याच्यापुढे ते काही बोलले असते तर बरं झालं असतं. नव्या बॅचचं नंतर बघू, म्हणाले, आणि ते बरोबरच आहे, जिला एक चूक कबूल करायला माणूस जावा लागला तिने पंधरा जणांना काय शिकवायचं? रिपोर्टमध्ये माझं नाव घातलं. मग म्हणाले, शेडवर जा, चिठ्ठीपुस्तकात नोंद दुरुस्त करून सही कर.

ते पुस्तक मी त्या दिवसापासून उघडलं नव्हतं. हात लावायचा धीर होत नव्हता. शेडमध्ये तुझी फवारणीची बाटली खिडकीत तशीच आहे, अर्धी भरलेली. मी पुस्तक काढलं, ते पान उघडलं. दोन्ही अर्ध्या चिठ्ठ्यांवर माझं अक्षर. तुझं अक्षर उजवीकडे कललेलं, माझं उभं. कुणीही एका नजरेत ओळखेल की या चिठ्ठ्या लिहिल्या कुणी आणि फाडल्या कुणी. आणि कोऱ्या दगडाच्या चिठ्ठीखाली पेन्सिलने, बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर:

'वै. सांगेल. इन्फर्ड.'

शुक्रवारची तारीख. म्हणजे डोळे तपासलेस त्याच्या दुसऱ्या दिवशी.

'इन्फर्ड'वर एक सरळ रेघ, खालचं नीट वाचता येईल अशी. तिच्यापुढे 'इंडिकेटेड'. शनिवारची तारीख आणि तुझी सही.

मी खाली बसले ताई, त्या कोंबड्यांच्या शेडच्या फरशीवर. तुला माहीत होतं. तू मला विचारलंस, काही राहिलं का, तेव्हा तुला माहीत होतं. मी नाही म्हटलं. आणि नाही म्हणून दारात घुटमळले, तेवढं बघून मी गेल्यावर तू आत येऊन माझी पायरी वाढवलीस. नवं काही दिसल्याशिवाय पायरी वाढवायची नाही म्हणणारी तू, तुला माझ्यात काय दिसलं?

आणि मला तुझा रागही येतोय. हा वाद मी सोडणार नाही. तू कान धरून विचारायला हवं होतंस. त्या दोन शून्यांसाठी ओरडलीस, मग यासाठी का नाही ओरडलीस? तुझं म्हणणं मला इथे बसून ऐकू येतंय, की खोदून काढलेलं वेगळं आणि आपणहून वर आलेलं वेगळं. असेल. पण तू एक दिवस आधी ओरडली असतीस, तर तुझं नाव तुझ्यासमोर धुतलं गेलं असतं आणि खडूचे ते नंबर तू पुन्हा घातले असतेस. तू माझी वाट बघितलीस आणि मी एक रविवार उशीर केला. तुझं बरोबर की माझं, हे आता कोण ठरवणार?

मग उठले. तुझीच पेन्सिल घेतली. 'इंडिकेटेड'वर एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. पुढे लिहिलं, 'मेजर्ड'. आजची तारीख, माझी सही. दोन्ही नंबर बरोबर करून लिहिले, आणि शेजारी, 'चिठ्ठ्या माझ्याकडून बदलल्या गेल्या.'

शेवटचा रकाना 'तपासले' असा आहे. तिथे तुझी सही लागते. पान फोनवर साहेबांना पाठवलं, तर त्यांचा निरोप आला, त्या रकान्यात काट मार, मॅडम आता नाहीत.

मारली नाही. काट मारणं म्हणजे शून्य लिहिण्यासारखंच झालं, की इथे तपासणारं कुणी नव्हतं. तो रकाना मी कोरा ठेवलाय. तू तर सगळं पाहिलं होतंस, ताई. सही तेवढी राहिली.